परदेशात रेल्वेनं फिरताना फर्स्ट क्लास की सेकंड? खान्देशकरांचे नेहमीचे प्रश्न

मुलगा स्टुटगार्टला, भाची लंडनला, शेजारचे नुकतेच स्वित्झर्लंड पाहून आलेले. जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबारकडच्या बऱ्याच घरांत आता उन्हाळ्याच्या सुट्टीत परदेशी रेल्वेचं तिकीट काढायची वेळ येते. विमान आणि व्हिसाचं एजंट बघतो, रेल्वेपाशी मात्र सगळे अडतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो, फर्स्ट काढू की सेकंड? नात्यातल्या आणि कॉलनीतल्या लोकांना तिकिटं काढून देताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात, ते इथे एकत्र केले आहेत.

माझं मत आधीच सांगतो. अख्ख्या सहलीचा क्लास एकदम ठरवू नका, प्रत्येक टप्प्याचा वेगळा ठरवा. भाडी आणि नियम बदलत राहतात, म्हणून पैसे भरण्याआधी त्या त्या रेल्वेच्या ॲपवर एकदा खात्री करून घ्या.

तिकडचा सेकंड क्लास आपल्या जनरल डब्यासारखा असतो का?

अजिबात नाही. काशी एक्स्प्रेसच्या जनरल डब्यातून भुसावळ ते कल्याण उभ्यानं गेलेल्या माणसाला सेकंड म्हटलं की धसका बसतो, ते साहजिक आहे. पण जर्मनी, फ्रान्स, इटली, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड इथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांत सेकंड क्लास म्हणजे एसी डबा, गादीच्या खुर्च्या आणि एका रांगेत दोन अधिक दोन अशी बैठक. आपल्या वंदे भारतच्या चेअर कारमध्ये एका रांगेत पाच जण बसतात, तिथे चार. म्हणजे मांडणी आपल्या एक्झिक्युटिव्ह चेअर कारची झाली.

तिथले डॉक्टर, प्राध्यापक, कंपनीतले मोठे अधिकारीसुद्धा सेकंडनं जातात. ‘एवढे परदेशात गेले आणि सेकंडनं फिरले’ असं कुणी म्हणेल या धाकानं फर्स्ट काढायचं असेल, तर ते पैसे वाचवा.

मग फर्स्टमध्ये जास्तीचे पैसे कशाचे घेतात?

रुंदीचे आणि निवांतपणाचे. फर्स्टमध्ये बहुतेक ठिकाणी रांगेत तीनच खुर्च्या असतात, एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एक. खुर्ची रुंद, गुडघ्यांपुढे जागा जास्त, हाताचा कोपर शेजाऱ्याला लागत नाही. डब्यात माणसं कमी, म्हणून सामानाच्या रॅकवर जागा शिल्लक असते. जर्मनीच्या आयसीई या वेगवान गाड्यांत फर्स्टमध्ये कर्मचारी जागेवर येऊन चहा-कॉफीची ऑर्डर घेतात, पण त्या चहाचे पैसे वेगळे द्यावे लागतात.

आता काय मिळत नाही तेही ऐका. गाडी तीच, वेग तोच, पोचायची वेळ तीच. दिवसाच्या गाडीत बर्थ नाही, उशी-चादर नाही. संडास दोन्हीकडे सारखेच आणि दोन्हीकडे कागदच, त्यामुळे पाण्याची रिकामी बाटली जवळ असू द्या. आपल्याकडचा एसी फर्स्टचा दाराचा कुपे डोळ्यांसमोर ठेवून कुणी तिकीट काढलं, तर पैसे भरून हिरमोड होतो.

दोन तासांच्या प्रवासाला मी कुणालाच फर्स्ट सुचवत नाही. चार तासांच्या वर गेलं, सामान जड असलं किंवा गुडघे कुरकुरत असले, की विचार करावा.

मुलाकडे जाताना आमच्याजवळ सामान फार असतं. त्याचा क्लासशी काही संबंध आहे का?

सगळ्यात मोठा संबंध याचाच आहे. खान्देशातून मुलाकडे निघालेल्या आईच्या बॅगेत काय असतं ते आपल्याला ठाऊक आहे. ज्वारीचे बिबडे, कुरडया, शेंगदाण्याची चटणी, काळा मसाला, लोणच्याची घट्ट गुंडाळलेली बरणी, नातवाला शिवलेले कपडे. काही विमान कंपन्या माणशी २३ किलोच्या दोन बॅगा नेऊ देतात, म्हणून दोघांच्या मिळून चार बॅगा होतात. विमानात त्या आपण उचलत नाही. रेल्वेत मात्र प्रत्येक बॅग आपणच चढवायची आणि आपणच रॅकवर ठेवायची. हमाल हा प्रकार तिथे जवळपास नाहीच, आणि मधल्या स्टेशनांवर गाडी दोन-चार मिनिटंच थांबते.

एक नेहमीचा प्रसंग घ्या. फ्रँकफर्ट विमानतळालाच लागून लांब पल्ल्याच्या गाड्यांचं स्टेशन आहे. तिथून स्टुटगार्ट साधारण सव्वा तास, म्युनिक साडेतीन तास. रात्रभरच्या विमानप्रवासानं पाय सुजलेले, दोघंही साठीच्या पुढचे. आयसीई येते, दार उघडतं, सेकंडच्या दारापाशी आधीच आठ-दहा जण सुटकेसा घेऊन उभे. आत शिरलं की डब्याच्या टोकाचा सामानाचा रॅक भरलेला. डोक्यावरच्या फळीवर २३ किलो चढवायची ताकद नाही. मधल्या वाटेत बॅग उभी केली, तर येणारा-जाणारा अडतो आणि कंडक्टर हलवायला सांगतो. पाठीला पाठ लावलेल्या दोन खुर्च्यांच्या मधे त्रिकोणी पोकळी असते, तिथे एक मोठी बॅग उभी मावते. सेकंडमध्ये ती पोकळी सगळ्यांत आधी भरते, फर्स्टमध्ये बहुतेक वेळा मोकळी मिळते.

म्हणून मी सांगतो की जाताना फर्स्ट काढा, येताना सेकंड. परतीला बिबडे संपलेले असतात, बॅगा हलक्या झालेल्या असतात आणि स्टेशनवर सोडायला मुलगा असतो.

आणखी एक काळजी घ्या. विमानातून उतरल्या दिवसाचं रेल्वे तिकीट एकाच गाडीला बांधलेलं, सवलतीचं काढू नका. विमान दोन तास उशिरा आलं तर ते तिकीट वाया जातं. त्या दिवसासाठी कुठल्याही गाडीत चालणारं फ्लेक्सिबल तिकीट घ्या. ते फर्स्टमध्ये परवडत नसेल तर सेकंडचं घ्या, पण फ्लेक्सिबलच घ्या.

आई-नाना सत्तरीचे आहेत. त्यांच्यासाठी डोळे मिटून फर्स्ट काढू का?

डोळे मिटून नको. वयस्कर माणसाला त्रास होतो तो खुर्चीचा कमी, पायऱ्यांचा आणि घाईचा जास्त. तो क्लास बदलून जात नाही.

आधी गाडीची बनावट बघा. फ्रान्सच्या टीजीव्ही गाड्या बऱ्याचदा दुमजली असतात. तिकीट काढताना खालचा मजला निवडता येतो, तो निवडा. एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जायची वाट आणि खाण्याचा बार वरच्या मजल्यावर असतो, म्हणजे चहासाठी जिना चढावा लागतो. वरच्या मजल्यावरच्या फर्स्टपेक्षा खालच्या मजल्यावरचं सेकंड नानांना सुखाचं जाईल.

मग मदत मागा. युरोपियन युनियनच्या देशांत चालायला त्रास असलेल्या प्रवाशाला स्टेशनवर चढा-उतरायला विनामूल्य मदत मिळते, कुठल्याही क्लासचं तिकीट असलं तरी. मात्र किमान २४ तास आधी कळवावं लागतं. इंग्लंडमध्येही अशी सोय आहे, तिला पॅसेंजर असिस्ट म्हणतात. मुलाला सांगून ही नोंद करूनच घ्या. आपल्याकडची माणसं ‘कशाला कुणाला त्रास’ म्हणून मागत नाहीत, आणि मग प्लॅटफॉर्मवर धापा टाकतात.

गाडी बदलायला दहा मिनिटंच असतील तर पुढची गाडी घ्या. हे फुकटात मिळणारं सुख आहे. एवढं सगळं करून प्रवास चार-पाच तासांचा उरत असेल, तर त्या टप्प्याला नक्की फर्स्ट काढा. तिथे रुंद खुर्चीचा आणि कमी वर्दळीचा खरा फायदा होतो.

तिकीट आहे म्हणजे जागा आहे, असं समजायचं ना?

नाही, आणि इथे आपली माणसं फसतात. आपल्याकडे ६० दिवस आधी आरक्षण उघडतं, मग कन्फर्म, आरएसी, वेटिंग अशी भाषा असते. तिकडे वेटिंग लिस्ट नाही. पण जर्मनीत तिकीट आणि जागेचं आरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सेकंडचं तिकीट काढलं आणि आरक्षण घेतलं नाही, तर गाडीत चढायचा हक्क आहे, बसायचा नाही. शुक्रवारी किंवा रविवारी संध्याकाळी खुशाल उभं राहावं लागतं. आरक्षणाला थोडेच युरो लागतात. फर्स्टच्या नेहमीच्या तिकिटात ते सहसा धरलेलं असतं.

फ्रान्सच्या टीजीव्ही, इटलीच्या फ्रेच्चारोसा आणि लंडन-पॅरिस धावणाऱ्या युरोस्टार या वेगवान गाड्यांमध्ये आरक्षण सक्तीचं आहे, त्यामुळे तिकीट म्हणजे जागाच. स्वित्झर्लंडमध्ये साध्या गाड्यांना आरक्षण लागतच नाही. प्रमुख शहरांच्या मधे तासाला एक-दोन गाड्या असतात, आलेल्या गाडीत बसायचं.

जर्मनीत खुर्चीच्या वर किंवा खिडकीपाशी छोट्या पाटीवर ‘मानहाइम ते बाझेल’ अशी गावांची नावं दिसतात. म्हणजे ती जागा तेवढ्या टप्प्यापुरती कुणाची तरी आहे. तुम्हाला त्याच्या आधीच उतरायचं असेल तर बिनधास्त बसा.

सेकंड आणि आरक्षण ही जोडी माझ्या मते दहातल्या आठ प्रवासांना पुरते.

स्विस पास फर्स्टचा घ्यावा की सेकंडचा?

सेकंडचा. स्विस ट्रॅव्हल पास, म्हणजे ठरावीक दिवस स्वित्झर्लंडभर फिरायचं एकच तिकीट, त्याचा फर्स्ट हा सेकंडच्या दीडपटीहून जास्त पडतो. चौघांच्या कुटुंबात हा फरक मोठा होतो, आणि स्विस गाड्यांचा सेकंड स्वच्छ, वक्तशीर आणि गर्दीची वेळ सोडली तर मोकळा असतो. सकाळी ऑफिसला जायच्या आणि संध्याकाळी सुटायच्या वेळी झ्युरिक-बर्न मार्गावर गर्दी होते, त्या वेळा टाळल्या की झालं.

फर्स्टच्या पासाचा एक फायदा मात्र खरा आहे आणि तो रेल्वेबाहेरचा आहे. ल्युसर्नच्या तळ्यातल्या बोटींवर वरचा मजला फर्स्ट क्लासवाल्यांचा असतो. तिथून डोंगर फार सुंदर दिसतात. पण तेवढ्यासाठी सगळ्या दिवसांचा फर्स्ट पास घ्यायची गरज नाही. सेकंडचा पास घेऊन एखाद्या टप्प्यापुरता फरक भरून क्लास बदलून घेता येतो, स्विस रेल्वेच्या ॲपमध्ये ती सोय आहे.

युंगफ्राऊयोख, म्हणजे ३,४५४ मीटर उंचीवरचं ते प्रसिद्ध स्टेशन, तिथे नेणाऱ्या दातेरी रुळांच्या गाडीत एकच क्लास आहे. फर्स्टचा पास हातात असला तरी बसायचं सगळ्यांबरोबरच.

आणि युरेल पास?

युरेल म्हणजे युरोपातल्या अनेक देशांच्या रेल्वेला चालणारा एकच पास. इथे हिशोब वेगळा आहे. युरेलचा फर्स्ट सेकंडच्या साधारण सव्वापट पडतो, स्विस पासाइतका महाग नाही. दोघंच वयस्कर माणसं तीन-चार देश फिरणार असतील, रोज लांबचा प्रवास असेल, तर फर्स्ट युरेल पटण्यासारखा आहे. साठीच्या पुढच्यांना पासावर १० टक्के सवलतही आहे. २७ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी वेगळा स्वस्त पास असतो, त्यांनी सेकंडच घ्यावा.

फर्स्टचा पास असताना सेकंडमध्ये बसता येतं, उलट चालत नाही. आणि पास कुठलाही असो, टीजीव्ही, फ्रेच्चारोसा, युरोस्टार यांच्या आरक्षणाचे पैसे वेगळे भरावे लागतात. पास घेतला म्हणजे सगळं फुकट, असा समज करून निघालेल्यांचं बजेट तिथेच कोलमडतं.

फर्स्टचं तिकीट कधी सेकंडएवढ्या किमतीत मिळतं का?

मिळतं. जर्मनी, फ्रान्स, इटली, इंग्लंड इथे विमानासारखी भाडी वर-खाली होतात. सेकंडची स्वस्त तिकिटं संपत आली आणि फर्स्टची शिल्लक असली, तर फरक फार थोडा उरतो. म्हणून सेकंडचं भाडं बघून लगेच पैसे भरू नका, त्याच पानावर फर्स्टचं भाडंही बघा. फरक थोडा असेल तर घेऊन टाका, त्यात उधळपट्टी काही नाही. मात्र ही स्वस्त तिकिटं सहसा त्याच गाडीला बांधलेली असतात आणि रद्द केली तर पैसे परत मिळत नाहीत किंवा थोडेच मिळतात.

इटलीत तर चार-चार क्लास दिसतात. ते काय आहे?

फ्रेच्चारोसामध्ये स्टँडर्ड, प्रीमियम, बिझनेस आणि एक्झिक्युटिव्ह असे चार प्रकार आहेत. स्टँडर्ड म्हणजे आपला सेकंड. रोम-फ्लॉरेन्स दीड तासाचा प्रवास, त्याला स्टँडर्ड पुरे. स्पेनमध्येही पहिला-दुसरा असे आकडे नाहीत, तिकिटाच्या प्रकाराला नावं आहेत. नावात अडकू नका, रांगेत खुर्च्या किती आणि तिकीट बदलता येतं का, एवढं बघा.

इटलीतल्या लोकल गाड्यांचं कागदी तिकीट चढण्याआधी प्लॅटफॉर्मवरच्या मशीनमध्ये घालून छापून घ्यावं लागतं. विसरलं तर खरं तिकीट हातात असूनही दंड होतो.

फर्स्टमध्ये शाकाहारी जेवण मिळतं का?

बहुतेक गाड्यांत फर्स्टच्या भाड्यात जेवण नसतंच. अपवाद आहेत. युरोस्टारच्या वरच्या दोन वर्गांत जागेवर जेवण मिळतं. लंडन-एडिंबरा मार्गावरच्या एलएनईआर गाड्यांत फर्स्टला खाणं-पिणं भाड्यातच असतं. तिथे शाकाहारी पदार्थ असतो, पण तो सँडविच किंवा पास्त्यासारखा. वरण-भाताची आशा धरू नका.

स्वतःचा डबा न्या. युरोपच्या गाड्यांत आपलं खाणं खायला कुठल्याही क्लासमध्ये बंदी नाही. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा, सगळं चालतं. लसणाचा ठेचा मात्र गाडीच्या बंद डब्यात उघडू नका, वास तासभर जात नाही.

भारतातून निघताना एक नियम लक्षात ठेवा. युरोपियन युनियनमध्ये प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून आणता येत नाहीत, म्हणजे तूप, पेढे, पनीर घरीच राहू द्या. ताज्या फळांनाही सहसा सरकारी प्रमाणपत्र लागतं, पण पाच फळांना त्यातून सूट आहे आणि त्यात केळी आहेत. रावेर-यावलच्या माणसाला याहून चांगली बातमी काय असणार. विमानात चुरडणार नाहीत अशी थोडी कच्ची घ्या.

आम्ही दहा-बारा जण मिळून जातोय. सगळ्यांनी फर्स्ट काढलं तर मजा येईल ना?

मला उलट वाटतं. फर्स्टच्या डब्यात लोक वाचत असतात, काम करत असतात, झोपलेले असतात. तिथे मोठ्यानं गप्पा, पत्ते, एकमेकांना डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हाका मारणं लोकांना खुपतं, आणि आपल्यालाही सारखं दबून बसावं लागतं. सेकंडमध्ये टेबलाभोवती समोरासमोर चार खुर्च्या असतात, त्या तीन टेबलांचं आरक्षण करा. जर्मनीत शांततेचा डबा वेगळा असतो, आरक्षण करताना तो चुकूनही निवडू नका. फोनवर बोलताना आवाज कमी ठेवा आणि स्पीकर लावून व्हिडिओ कॉल टाळा, हे दोन्ही क्लासांना लागू आहे.

लहान मुलं सोबत असतील तर?

सेकंड. मुलांना रुंद खुर्चीचं काही नाही, त्यांना हलायला जागा हवी असते. आयसीईमध्ये सेकंडच्या बाजूला लहान मुलांच्या कुटुंबांसाठी वेगळी जागा राखलेली असते. स्वित्झर्लंडमध्ये आई किंवा वडील सोबत असले तर ६ ते १५ वर्षांच्या मुलांना फॅमिली कार्डवर फुकट फिरता येतं. हे कार्ड पासासोबत विनामूल्य मिळतं, पण मागावं लागतं. युरेलमध्ये ४ ते ११ वर्षांची दोन मुलं एका मोठ्या माणसाच्या पासावर फुकट जातात.

रात्रीच्या गाडीत कुठला क्लास घ्यावा?

तिथे फर्स्ट-सेकंडचा प्रश्न बाजूला ठेवा. ऑस्ट्रियन रेल्वेच्या नाइटजेट गाड्यांत, उदाहरणार्थ झ्युरिक-व्हिएन्ना मार्गावर, तीन मुख्य प्रकार असतात: बसायची खुर्ची, कुशेट आणि स्लीपर. कुशेट म्हणजे चार किंवा सहा बर्थचा, दार असलेला कंपार्टमेंट. उशी-पांघरूण मिळतं, सकाळी नाश्ता मिळतो. आपल्या थ्री एसीत झोपणाऱ्या माणसाला तो सहज जमतो. चौघांच्या कुटुंबानं चार बर्थचा अख्खा कंपार्टमेंट घ्यावा. बायका एकट्या जात असतील तर फक्त स्त्रियांच्या कंपार्टमेंटची सोय विचारा. स्लीपरमध्ये एक ते तीन बर्थ आणि हात धुवायचं बेसिन असतं, भाडं बरंच जास्त.

पैसे वाचवायला खुर्चीवर रात्र काढू नका. दुसरा दिवस जातो.

लंडनला मुलगी आहे. इंग्लंडमध्ये काय करावं?

तिथे सेकंडला स्टँडर्ड म्हणतात. एक-दीड तासाच्या प्रवासाला स्टँडर्ड, आणि एडिंबराला जायचं असेल तर साडेचार तासांचा प्रवास, तिथे आधी काढलेलं फर्स्ट परवडतं का बघा. साठी ओलांडलेल्यांनी सीनियर रेलकार्ड घ्यावं. वर्षभर चालतं, भाड्यात एक तृतीयांश सूट मिळते आणि ती फर्स्टलाही लागू आहे. तिथे राहत नसलेल्यांनाही ते काढता येतं. सकाळच्या गर्दीच्या वेळी लंडनच्या आसपास काही बंधनं असतात, एवढंच.

लंडनहून युरोस्टारनं पॅरिसला जाणार असाल तर शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा व्हिसा, वेगळा लागतो, आणि परत यायचं तर ब्रिटनचा व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा हवा. पासपोर्ट तपासणी गाडीत चढण्याआधी होते, म्हणून लवकर जा. क्लास कुठलाही असला तरी यातून सुटका नाही.

जपानमध्ये ग्रीन कार घ्यावी का?

ग्रीन कार म्हणजे जपानचा फर्स्ट क्लास. त्याची गरज वाटत नाही. शिंकानसेन म्हणजे तिथली बुलेट ट्रेन. तिच्या साध्या डब्यात रांगेत तीन अधिक दोन खुर्च्या असतात, ऐकायला ते आपल्या चेअर कारसारखं वाटतं. पण दोन रांगांमधलं अंतर १०४ सेंटीमीटर आहे, पाय लांब करून बसता येतं. ग्रीन कारमध्ये ते ११६ सेंटीमीटर आणि दोन अधिक दोन खुर्च्या. सुख जास्त आहे, पण टोकियो-क्योटो दोन-सव्वादोन तासांत संपतं.

जेआर पासची, म्हणजे जपानभरच्या जेआर रेल्वेला चालणाऱ्या पर्यटकांच्या पासची, किंमत ऑक्टोबर २०२३ मध्ये फार वाढली. सात दिवसांचा साधा पास ५०,००० येन आणि ग्रीनचा ७०,००० येन झाला. नुसतं टोकियो-क्योटो जाऊन यायचं असेल तर पास नको, सुटी तिकिटं बरीच स्वस्त पडतात. लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटीमीटरपेक्षा मोठी बॅग असेल तर टोकियो-ओसाका मार्गावर तिच्यासाठी जागा आधी राखून ठेवावी लागते. टोकियोहून निघताना फुजी पर्वत उजव्या हाताला दिसतो. साध्या डब्यात ‘ई’ अक्षराची खिडकी मागा.

श्रीलंका किंवा थायलंडला जायचं असेल तर?

श्रीलंकेत कँडी ते एला हा चहाच्या मळ्यांतून जाणारा प्रवास करायचा असेल, तर मी सेकंडच सांगेन. फर्स्टचा डबा एसी, म्हणून खिडक्या बंद. सेकंडमध्ये खिडकी उघडते, गार वारा येतो, फोटो काचेशिवाय निघतात. मात्र सेकंडचं आरक्षित तिकीट काढा, बिनआरक्षित डब्यात गर्दी असते. थायलंडमध्ये बँकॉक-चियांग माई रात्रीच्या गाडीत सेकंडचा एसी स्लीपर उत्तम, बर्थला पडदा असतो आणि खालचा बर्थ जास्त रुंद असतो. फर्स्ट म्हणजे दोन बर्थची खोली, नवरा-बायकोनं हवं तर घ्यावी.

ग्लेशियर एक्स्प्रेसला फर्स्ट काढल्यावर जास्त दिसतं का?

दिसतं तेवढंच. स्वित्झर्लंडमधला झेरमाट ते सेंट मॉरिट्झ हा साधारण आठ तासांचा प्रवास आहे, २९१ पूल, ९१ बोगदे, आणि ओबरआल्प खिंडीत गाडी २,०३३ मीटरवर चढते. छतापर्यंत वळलेल्या मोठ्या काचा दोन्ही क्लासांत आहेत, जेवणही दोन्हीकडे जागेवर मागवता येतं. फर्स्टमध्ये एका बाजूला समोरासमोर एकेक खुर्ची असते, म्हणजे दोघांनाही खिडकी मिळते. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला जाणाऱ्या जोडप्याला मी ती जागा आवर्जून सुचवीन.

पास असला तरी या गाडीला आरक्षण लागतं आणि त्याचे पैसे वेगळे. ते द्यायचे नसतील तर त्याच रुळांवरून साध्या गाड्याही जातात. मधे गाडी बदलावी लागते, पण आरक्षण लागत नाही, आणि वाटेत एखाद्या गावी उतरून चहा घेऊन पुढच्या गाडीनं जाता येतं. मला हा प्रवास जास्त आवडतो.

मुलगा जर्मनीत शिकतो. त्याच्या डॉइचलांड-टिकेटवर तो आमच्यासोबत आयसीईनं येईल का?

नाही. ते मासिक तिकीट मे २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झालं, त्यानंतर महाग होत गेलं. ते फक्त लोकल आणि प्रादेशिक गाड्यांना, बस-ट्रामला चालतं आणि फक्त सेकंड क्लासला. आयसीईसाठी त्याचं वेगळं तिकीट काढा. तुम्ही फर्स्टमध्ये आणि तो सेकंडमध्ये, असं करू नका. बॅगा उचलायला तोच लागणार आहे.

तिकडे थर्ड क्लास असतो का?

युरोपच्या रेल्वेंनी १९५६ मध्ये तीनाचे दोन वर्ग केले आणि थर्ड क्लास गेला. आपल्याकडे तो १९७४ मध्ये गेला.

फर्स्टचा डबा ओळखायचा कसा? चुकून त्यात बसलो तर?

दारापाशी किंवा डब्यावर मोठा १ किंवा २ लिहिलेला असतो. बऱ्याच देशांत फर्स्टच्या डब्याला खिडक्यांच्या वर पिवळा पट्टा असतो. जर्मनी-स्वित्झर्लंडमध्ये प्लॅटफॉर्मचे ए, बी, सी असे भाग पाडलेले असतात आणि कुठल्या भागात कुठला डबा येणार ते बोर्डावर दिसतं. आपण जळगावला कोच इंडिकेटर बघून उभे राहतो तसंच तिथेही आधीच योग्य अक्षराखाली उभे राहा. काही गाड्या वाटेत तुटून दोन दिशांना जातात, म्हणून दारावरच्या पाटीवर आपल्या गावाचं नाव आहे का तेही वाचा.

सेकंडचं तिकीट घेऊन फर्स्टमध्ये बसलात आणि तपासनीस आला, तर दंड होऊ शकतो. ‘माहीत नव्हतं’ चालत नाही, गर्दी होती हेही चालत नाही. गडबडीत चुकीच्या डब्यात चढलात तर बसू नका, आतूनच चालत आपल्या डब्यापर्यंत जा. बहुतेक गाड्यांत तशी वाट असते. बॅगा जड असतील तर एकानं दारापाशी बॅगांजवळ थांबावं आणि दुसऱ्यानं आधी जाऊन जागा शोधून यावी.